तक्रारदाराचा प्रतिसाद नाही

हार्लन बेंड शहराच्या मानवी हक्क आयोगात वेंडल क्राउस एकोणीस वर्षं तपास अधिकारी होता. नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर तीन टेबलं, एक कॉफीचं यंत्र आणि दोन तपास अधिकारी, एवढाच आयोगाचा पसारा. कातडीचा रंग बघून कुणी घर नाकारलं, गरोदर म्हणून कुणाला कामावरून काढलं, की माणसं इथे यायची. वर्षाला दीडशे तक्रारी. आणि दर तीन महिन्यांनी महापौरांच्या कचेरीतून एकच विचारणा व्हायची: किती निकाली निघाल्या?

वेंडल वाईट माणूस नव्हता. कुणाचा एक डॉलर त्यानं कधी खाल्ला नव्हता, कुणाला वेडंवाकडं बोलला नव्हता. पण आपल्यापैकी कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला जडते ती सवय त्यालाही जडली होती. फाइल जड वाटली, की तो तक्रारदाराला एक पत्र धाडायचा: अधिक माहिती पंधरा दिवसांत द्यावी. पंधरा दिवस गेले, की फाइलवर शिक्का: ‘तक्रारदाराचा प्रतिसाद नाही.’ सगळं नियमाला धरून. फाइल कपाटात आणि वेंडल संध्याकाळी वेळेवर घरी.

फेब्रुवारीच्या बैठकीत त्यानं अशा नऊ फायलींची यादी वाचली. आयोगाचे सात सदस्य बिनपगारी, शहरातलेच लोक. त्यांतल्या ओडेसा प्रूइट एकाहत्तर वर्षांच्या; उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवण्यात घालवला होता. बाकीचे सदस्य माना डोलावत होते. ओडेसाबाईंनी मात्र चष्मा नाकावर चढवून यादीतली चौथी फाइल मागितली.

फाइल ग्लेना टिबेट्स या बाईची होती. वय अठ्ठावन्न. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली. मधुमेहानं डावा पाय गुडघ्याखालून गेला आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. तिच्या तळमजल्याच्या घरापुढे तीन पायऱ्या होत्या. तिथे स्वतःच्या खर्चानं लाकडी उतार घालू द्या, एवढंच तिनं मालकाकडे मागितलं होतं. चर्चमधले दोन सुतार फुकट काम करायला तयार होते. कायद्यानं मालकाला नाही म्हणता येत नाही. पण गॉर्डन स्टेल्झर या मालकानं नाही म्हटलं. इमारतीची शोभा जाईल म्हणाला. ग्लेनानं आयोगात तक्रार केली, तशी त्यानं भाडेकरार वाढवायलाच नकार दिला आणि महिन्याभरात तिला घराबाहेर काढलं; त्याच्या नोटिशीची प्रत फायलीत होती.

“पत्र कुठल्या पत्त्यावर गेलं होतं?” ओडेसाबाईंनी विचारलं.

वेंडलनं पत्ता वाचला आणि वाचता वाचताच त्याचा आवाज खाली आला. पत्ता स्टेल्झरच्या इमारतीचा होता.

“म्हणजे आपल्या दारात आली म्हणून ज्या घरातून त्या बिचारीला हाकललं,” ओडेसाबाई सावकाश म्हणाल्या, “त्याच घरी पत्र पाठवून आपण तिला विचारलं, की बाई गं, तू उत्तर का देत नाहीस?”

पत्ता बदलला तर तो कळवणं तक्रारदाराचं काम आहे, तसा नियमच आहे, असं वेंडल म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

ओडेसाबाईंनी आवाज चढवला नाही. “वेंडल, मी बत्तीस वर्षं बस हाकली. थांब्यावर एखादी म्हातारी काठी टेकत येताना दिसायची. तिच्यासाठी थांबलं तर उशीर, नाही थांबलं तर वेळेवर. वेळ पाळल्याबद्दल मला दोनदा बक्षीस मिळालंय. मागे राहिलेल्या माणसांची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नव्हती. मलाच ती अजून आठवतात. तू चुकीचं काही केलं नाहीस रे. पण तू आरशात बघायचंच सोडून दिलंस.”

बैठकीनं फाइल पुन्हा उघडायचं ठरवलं. वेंडल टेबलाशी परतला आणि त्यानं ग्लेनाचा अर्ज उलटून पाहिला. मागच्या बाजूला तिच्या बहिणीचा, रोझलिनचा, फोन नंबर शिसपेन्सिलीनं लिहिलेला होता. त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात: ‘मी सापडले नाही तर इथे विचारा.’ चार महिने तो नंबर तिथेच होता.

त्यानं फोन लावला. आयोगातून बोलतोय म्हणून सांगितलं. मग रोझलिन म्हणाली, “आता सुचलं होय तुम्हाला?” आणि तिनं एका शुश्रूषागृहाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडल आणि ओडेसाबाई तिथे गेले. रोझलिन दारातच भेटली आणि उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. स्टेल्झरनं काढल्यावर ग्लेना तिच्याकडे आली होती, तळघरातल्या दोन खोल्यांत. तिथून रस्त्यावर यायला अकरा पायऱ्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचं, तेव्हा शेजारचे दोघे बाप्ये तिला खुर्चीसकट उचलून वर आणायचे. बाकीचे दिवस ती खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट बघत बसायची. जानेवारीत एका सकाळी पायरीवर बर्फ गोठला होता. उचलणाऱ्याचा पाय घसरला. ग्लेनाच्या खुब्याचं हाड मोडलं, नंतर जखम चिघळली. डॉक्टरांनी आता आशा सोडली होती.

ग्लेना खाटेवर उशांना टेकून पडली होती. समोर लाल जेलीची वाटी तशीच होती. वेंडलनं आपली ओळख सांगितली.

“मी फोनची वाट बघत होते,” ती म्हणाली. “दोन महिने बघितली. मग वाटलं, माझंच मागणं जास्तीचं असेल. नाहीतर कायद्याची माणसं गप्प कशाला बसली असती? स्टेल्झर म्हणाला होता, तुम्हा लोकांना सगळं जग स्वतःसाठी वाकवून हवं असतं. शेवटी शेवटी मला ते खरंच वाटायला लागलं.”

वेंडलच्या मनात आलं: स्टेल्झरनं या बाईचं घर घेतलं होतं. पण तिचा स्वतःवरचा विश्वास? तो आपण घेतला! आणि हात न लावता घेतला, एका शिक्क्यानं. त्यानं माफी मागितली.

“ती माफी आता मी कुठे ठेवू?” ग्लेना म्हणाली. “एक पाय आहे, तोही जातोय. त्यापेक्षा बसा आणि माझं म्हणणं लिहून घ्या. जीभ शाबूत आहे तोवर.”

वेंडल दोन तास लिहीत होता. मध्ये ती थकली, की ओडेसाबाई तिला पाण्याचे घोट पाजत. शेवटी ग्लेनानं सही केली. सही ओळीच्या खाली घसरली, तेव्हा तिनं तो कागद मागून घेतला आणि पुन्हा केली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

सुनावणी मे महिन्यात झाली. बहिणीच्या वतीनं रोझलिन बसली होती. स्टेल्झरचा वकील हुशार होता. तक्रारीत दम असता तर आयोगानं ती आपणहून बंद केली असती का, असं त्यानं विचारलं. सरकारी कागदच सांगतोय, की बाईंनी प्रतिसाद दिला नाही.

वेंडल उठला. आयोगाच्या वकिलानं त्याला आधीच बजावलं होतं, की विचारलं तेवढंच बोल. स्वतःची चूक कबूल केलीस तर नोकरीवर येईल. तो म्हणाला, “तो शिक्का मी मारला. तक्रार खोटी होती म्हणून नाही. तिनं नंबर दिला होता, मी कागद उलटला नाही. प्रतिसाद तिनं दिला होता. दिला नाही तो मी.”



निकाल ग्लेनाच्या बाजूनं लागला. स्टेल्झरला दंड झाला, आणि त्याच्या सहाही इमारतींत कुणी उतार मागितला तर अडवायचं नाही असा हुकूम निघाला. वेंडलच्या नोकरीच्या नोंदीत ठपका आला आणि त्याची बढती गेली. बाहेर पायऱ्यांवर तो रोझलिनशी हात मिळवायला पुढे झाला. तिनं हात दिला नाही.

“तुम्ही खरं बोललात, ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण ते ऐकायला ती हवी होती.”

एवढं बोलून ती बसथांब्याकडे निघून गेली.

यादीतल्या उरलेल्या आठ फायलींची माणसं वेंडलनं त्या उन्हाळ्यात एकेक करून शोधली. पत्रं नाही पाठवली, स्वतः गेला. तिघांचा पत्ताच लागला नाही. एकानं तोंडावर दार आपटलं. चौघांनी त्याला आत घेतलं, आणि त्या चार तक्रारी पुन्हा उभ्या राहिल्या. निकाली निघालेल्या प्रकरणांच्या आकड्यात आयोग त्या वर्षी खाली घसरला आणि महापौरांच्या कचेरीतून खरमरीत पत्र आलं. वेंडलनं ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि टोपी घालून पाचव्या घराकडे पुन्हा निघाला. जिथे दार आपटलं गेलं होतं तिथे.

वाचकहो, अन्याय करायला एखादाच स्टेल्झर पुरतो. पण तो अन्याय पचायला मात्र तुमच्या-आमच्यासारखी नियमानं चालणारी, कुणाचं वाईट न चिंतणारी पुष्कळ माणसं लागतात. कायदा पुस्तकात असून भागत नाही. दुबळ्या माणसासाठी तो तेव्हाच खरा होतो, जेव्हा टेबलामागचा माणूस खुर्चीतून उठतो आणि त्याच्या दारापर्यंत चालत जातो. आणि हे उठणं उशिरा झालं, तर आपण कितीही खरं बोललो तरी ऐकणारं माणूस उरलेलं नसतं.