न दिलेलं उत्तर

“ताई, खांदा इतका सुजलाय की बनियन कापून काढावी लागली,” फिजिओथेरपी केंद्रातली हर्षिता फोनवर सांगत होती. “आणि तुमचा गेम त्यांना आज नववी पायरी देतोय. सोमवारी मी चौथीवरून सुरू केला होता. मी काहीच बदललं नाही, सच में.”

निवेदिताने घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

“कोण पेशंट?”

“दौलतसिंह. बस चालवायचे, आता रिटायर्ड. खासगी बाजार मोहल्ल्यातच राहतात. मी गेम बंद केलाय त्यांचा, डॉक्टरांकडे पाठवलंय. पण असं झालं कसं, ते तुम्ही बघा ना.”

“बघते,” निवेदिता म्हणाली. तिने फोन ठेवला.

नई सडकेवर साड्यांच्या दुकानाच्या वर तीन खोल्यांत त्यांची कंपनी होती. हाताच्या किंवा खांद्याच्या ऑपरेशननंतर लोकांना जो व्यायाम करावा लागतो, त्याचा त्यांनी एक खेळ बनवला होता. मनगटाला पट्टा बांधायचा, हात वर नेला की पडद्यावरचा पतंग वर जायचा. खेळ सुरू होण्याआधी रोज एक प्रश्न यायचा, आज दुखते आहे का? ‘हो’ म्हटले तर पतंगाची उंची कालचीच राहायची, ‘नाही’ म्हटले तर एक पायरी वाढायची. ग्वाल्हेर आणि आसपासच्या गावांतल्या अकरा फिजिओथेरपी केंद्रांत हा खेळ चालू होता. त्यामागची स्क्रिप्ट, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूचना, निवेदिताने लिहिली होती.

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. सोळा वर्षे तिने एका खासगी शाळेत मुलींना कंप्युटर शिकवला. शाळेने तो विषय बाहेरच्या लोकांकडे सोपवला तेव्हा ती घरी बसली, आणि घरी बसून व्हिडिओ बघत बघत गेमची स्क्रिप्ट लिहायला शिकली. स्वभाव मुळात धास्तीचा. कुलूप लावून जिना उतरली तरी परत वर जाऊन ते ओढून बघायची. कोड लिहितानाही तसेच. व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा कप्पा, आहे का, त्यात काही आहे का, हे विचारल्याशिवाय पुढच्या ओळीला जायची नाही. “ताईंच्या कोडमध्ये पहारेकरीच जास्त,” असे हेमांगी म्हणायची. हेमांगी तिची सहकारी होती, मार्चमध्ये नोकरी सोडून पुण्याला गेली.

निवेदिताने फाइल उघडली. दोनशे बाराव्या ओळीवर येऊन ती थांबली.

‘इफ नॉट दर्द’, म्हणजे दुखत नसेल तर, आणि पुढे पायरी एकने वाढवा.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

ती ज्या भाषेत स्क्रिप्ट लिहायची, तिची एक खोड होती. एखाद्या व्हेरिएबलमध्ये कोणी काही ठेवलेच नसेल, तरी ती भाषा अडत नाही, चूक दाखवत नाही. ‘निल’ म्हणते, म्हणजे इथे काही नाही, आणि पुढे चालू लागते. ‘नॉट दर्द’ असे विचारले की रुग्णाने ‘नाही’ म्हटलेले असो की काहीच म्हटलेले नसो, दोन्ही तिला सारखेच. दुखते का हे पाहण्याआधी, उत्तर आले आहे का, हे पाहायला हवे होते. एका ओळीचे काम होते. शंभर ठिकाणी तिने ते केले होते. इथे केले नव्हते.

तिने मनगटाला पट्टा बांधला आणि खेळ सुरू केला. प्रश्न आला. तिने बटणाला हात लावला नाही. दहा सेकंदांनी प्रश्न आपोआप गेला आणि पतंग कालच्यापेक्षा एक पायरी वर जाऊन थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा खेळ तिने कितीतरी वेळा तपासला होता. दर वेळी उत्तर दिले होते. गप्प बसून कधी पाहिले नव्हते.

रोजच्या खेळांची माहिती ऑफिसच्या सर्व्हरवर येऊन पडायची. तिने ती चाळली. ज्यांच्या उत्तराची जागा सलग तीन किंवा जास्त दिवस रिकामी आहे, असे चौदा जण निघाले. दौलतसिंहांच्या नावापुढे पाच दिवस रिकामे होते. झाशीच्या एक उषाताई, वय एकाहत्तर, अकराव्या पायरीवर होत्या. त्यांची वेळ होती साडेअकराची. आजची.

विक्रमसिंह बाहेरच्या खोलीत टेबल पुसून घेत होता. कंपनी त्याची. भोपाळच्या एका मोठ्या हॉस्पिटलचे लोक एक वाजता खेळ बघायला येणार होते, त्यासाठी तो आठवडाभर नीट जेवलाही नव्हता.

“विक्रमजी, एक गडबड आहे,” ती म्हणाली आणि त्याला स्क्रीनपाशी घेऊन आली. सगळे सांगितले. तो उभ्यानेच ऐकत होता. मग वाकून त्याने त्या ओळीशेजारचे नाव पाहिले.

“हेमांगीनं लिहिलंय हे.”

गेल्या वर्षी हेमांगीने सगळ्या फाइली नव्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक ओळीवर तिचेच नाव दिसायचे.

“ती तर गेली,” विक्रमसिंह म्हणाला. त्याचा आवाज जरा मोकळा झाला. “ठीक आहे मग. कोणी विचारलं तर सांगता येईल. तुम्ही दुरुस्त करा आणि अपडेट टाकून द्या.”

हेमांगीला कळणारही नव्हते. ग्वाल्हेरात या वयात अशी दुसरी नोकरी मिळणार नाही, हे निवेदिताला रोज सकाळी चहाच्या वेळी आठवायचे, आत्ताही आठवले. खालच्या दुकानातून कोणाला तरी साडी उघडून दाखवतानाचे बोलणे ऐकू येत होते.

“नाव तिचं दिसतंय,” ती म्हणाली. “ओळ माझी आहे. तिनं फक्त फाइल हलवली होती.”

विक्रमसिंहाने तिच्याकडे पाहिले. “तुम्ही हे आत्ता सांगायलाच पाहिजे होतं का, ताई?”

“आणि अपडेट उद्या सकाळी मशीन चालू होईल तेव्हा लागेल. आजचे पेशंट आत्ता खेळतायत. सगळीकडे फोन करून बंद करायला सांगावं लागेल.”

“अकराच्या अकरा सेंटरला? आज?” त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. “ताई, ग्वाल्हेरचे तीन सेंटरवाले त्या भोपाळच्या डॉक्टरांच्या ओळखीचे आहेत. एक तासात बात तिथे पोचेल. दोन वाजता करा ना फोन. मी स्वतः करतो तुमच्यासोबत.”

“साडेअकराला झाशीला एक बाई बसणार आहेत. एकाहत्तर वर्षांच्या.”

तो मग खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. निवेदिता मग यादी आणि आपला मोबाइल घेऊन जिन्यात गेली.

झाशीची लाइन लागेना. यादीतल्या पहिल्या केंद्राने लगेच फोन उचलला. दुसऱ्यानेही. तिसऱ्या ठिकाणी एक डॉक्टर तिच्यावर चिडले, “मग इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?” असे म्हणाले. ती “हो, चूक झाली,” एवढेच म्हणत राहिली. झाशीचा फोन या वेळी वाजत राहिला आणि बंद झाला. परत लावला. परत तेच. अकरा बावीस. तिने मधल्या दोन केंद्रांना फोन केला, पुन्हा झाशी. अकरा अठ्ठावीसला कोणीतरी उचलला.

“उषाताई आल्यायत का?”

“बसल्या आहेत. पट्टा बांधतोय आत्ता. का?”

“सोडा तो. प्लीज, आधी सोडा, मग सांगते.”

पलीकडे कोणाशी तरी बोलणे झाले. “सोडला,” तो माणूस म्हणाला. “पण त्या नाराज आहेत. म्हणतायत, मला चांगलं जमत होतं.”

“त्यांना विचारा, खांदा दुखतो का.”

त्याने विचारले. मग तो परत आला. “दुखतो म्हणाल्या. परवापासून. मी तर विचारलंच नव्हतं. गेम विचारतो ना, म्हणून.”

निवेदिता पायरीवर बसली. अजून पाच फोन राहिले होते.

भोपाळचे लोक सव्वाला आले, एक डॉक्टर बाई आणि दोन सहकारी. विक्रमसिंहाने चहा मागवला आणि कोणी काही विचारायच्या आत स्वतःच सांगितले की खेळ आज सगळीकडे बंद ठेवला आहे. कारणही सांगितले. बोलताना तो कपातल्या चहाकडे बघत होता. डॉक्टर बाईंनी शांतपणे ऐकले.

“किसने लिखा था ये?” त्यांनी विचारले.

विक्रमसिंहाने कप खाली ठेवला. निवेदिता भिंतीजवळ उभी होती.

“मैंने,” ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिले. अर्ध्या तासाने ते लोक निघाले. कळवू म्हणाले. विक्रमसिंह त्यांना गाडीपर्यंत सोडून वर आला आणि आपल्या खोलीत जाऊन बसला. निवेदिताने दुरुस्त केलेली ओळ पुन्हा पाहिली. उत्तर नसेल तर पतंग हलणार नाही, आणि केंद्रातल्या माणसासाठी घंटी वाजेल. तिने ती गप्प बसून सहा वेळा तपासली. मग त्याच्या दाराशी गेली.

“मी दौलतसिंहांकडे जाऊन येऊ का?”

“जा,” तो म्हणाला. “आणि आज परत येऊ नका. मला जरा विचार करू दे.”

खासगी बाजारात विचारत विचारत ती पोचली. दार विजयाबाईंनी उघडले, दौलतसिंहांच्या पत्नी. त्यांच्या हातात ओला नॅपकिन होता. निवेदिताने आपण कोण ते सांगितले तेव्हा त्यांनी तिला आत ये म्हटले नाही. आतून आवाज आला, “कोण आहे? येऊ दे.”

दौलतसिंह खुर्चीत ताठ बसले होते. उंच माणूस, पांढऱ्या मिशा. उजवा हात पट्टीत छातीशी बांधलेला. डॉक्टरांनी तीन आठवडे हात हलवायचाही नाही म्हणून सांगितले होते. आतला टाका सुटला असेल तर पुन्हा ऑपरेशन. ते तपासणीनंतर कळणार होते.

निवेदिता स्टुलावर बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. येताना वाक्ये जुळवून ठेवली होती, ती आता आठवेनात. खेळ रोज एक प्रश्न विचारायचा, तुमचे उत्तर यायचे नाही, आणि आपण लिहिलेली ओळ ते न आलेले उत्तर ‘नाही’ धरून चालायची, एवढे तिने कसेबसे सांगितले.

“म्हणजे तो विचारायचा?” दौलतसिंहांनी विचारले.

“हो काका. इंग्रजीत. दहा सेकंद.”

त्यांनी थोडा विचार केला. “सुरुवातीला काहीतरी लिहून यायचं खरं. मी तेवढ्यात चष्मा पुसून घ्यायचो. मला वाटायचं कंपनीची जाहिरात आहे.”

“दुखत होतं तर बोलायचं नाही का कुणाला?” विजयाबाई दारातून म्हणाल्या. मग निवेदिताकडे वळल्या. “हा खेळ सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी यांनी स्वतःच्या हातानं केस विंचरले, माहितीये? चार महिन्यांनी. आरशासमोर किती वेळ उभे होते. आता बघा.”

“दर्द तर होता,” दौलतसिंह म्हणाले. “पण पतंग रोज वर जात होती ना, बेटा. मला वाटलं मी बरा होतोय. बरं होताना दुखतंच, असं वाटलं.”

निवेदिताला त्यांच्याकडे बघवेना. “माझी चूक आहे, काका. मशीनची नाही. मी बघायला पाहिजे होतं.”

ते रागावले असते तर बरे झाले असते, असे तिला वाटले. विजयाबाई आत गेल्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. तिच्यासमोर जरा जोरातच ठेवला.

“एकतीस वर्षं बस चालवली मी,” दौलतसिंह म्हणाले. “एकदा मोरेनाच्या पुढे माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेला. मीही गेलो होतो त्याच्या घरी. त्यानं दार उघडलं नाही.” त्यांनी डाव्या हाताने ग्लास तिच्याकडे सरकवला. “पाणी प्या.”

ती पाणी प्यायली. तपासणीच्या दिवशी आपण सोबत येऊ, असे ती म्हणाली. विजयाबाईंनी त्याला हो म्हटले नाही, पण डॉक्टरांचे नाव आणि गुरुवारची वेळ सांगितली. निवेदिताने ती कागदावर लिहून घेतली. तेवढ्यात मोबाइलवर विक्रमसिंहाचा निरोप आला. उद्या दहाला या, आधी त्या चौदा जणांचं बघू, भोपाळचं नंतर. तिने तो वाचला आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला. नोकरी राहिली की नाही, हे त्यातून कळत नव्हते.

ती उठली तसे दौलतसिंहही उठले.

“रस्त्यापर्यंत येतो. या वेळी टेम्पो थांबत नाहीत इथं.”

“राहू द्या काका, मी बघते.”

“असे जाणार बाहेर?” विजयाबाई म्हणाल्या. त्यांनी कंगवा आणला आणि नवऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवले. त्यांनी मुकाट्याने मान खाली घातली. पांढरे केस ओले करून विजयाबाईंनी भांग पाडला. “अजून थोडा इकडे,” ते हळूच म्हणाले. निवेदिता दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

गल्लीतून ते तिच्या पुढे चालत होते, उजवी बाजू भिंतीकडे ठेवून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. रस्त्याला गर्दी होती. दोन टेम्पो प्रवाशांनी भरलेले गेले. तिसरा रिकामा होता, पण वेग कमी करेना. दौलतसिंह एक पाऊल रस्त्यात उतरले. त्यांनी डावा हात सरळ डोक्याच्या वर उचलला, आणि टेम्पो येऊन समोर उभा राहीपर्यंत खाली घेतला नाही.