शून्यातून दोन

२००४च्या दिवाळीआधीची गोष्ट. तिरोड्यात टेकचंदचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम भूमेश्वरी पटले पाहायची. गोंदियाला बी.एस्सी. केलेली, हाती घेतलेलं अर्धवट न सोडणारी. कुणा अनोळख्यानं ई-मेलवर कमळांचा एक फोटो पाठवला होता. तो उघडला की मशीन बंद.

"कायले डोकं लावून राहिली वं? फॉरमॅट मारून टाक," टेकचंद म्हणाला.

"बाकीचे हजार फोटो उघडून राहिले ना, टेकचंदभाऊ. हाच काऊन नाही?"

"फोटोत का असते? रंगच तं असते."

तिलाही तसंच वाटायचं. पण तिनं ती फाइल चित्र म्हणून न उघडता नुसत्या आकड्यांत उघडली, इंटरनेटवर शोधाशोध केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बिघाडाची जागा सापडली. फोटोत एखादी टीप लिहिता येते आणि टिपेआधी तिची लांबी असते. लांबीच्या आकड्यालाच दोन घरं लागतात आणि तीही लांबीत धरतात, म्हणून ती दोनपेक्षा कमी असूच शकत नाही. इथे शून्य होतं. फोटो दाखवणारा प्रोग्राम त्यातून डोळे झाकून दोन वजा करत होता.

तिनं कागदावर वजाबाकी मांडली आणि टेकचंदला हाक मारली.

"तुमच्या लुनाचा मीटर शून्यावर असला अन् दोन घरं मागं फिरवला, तं?"

"नव्व्याण्णव हजार दाखवन."

"इथं चारशे एकोणतीस कोटी दाखवून राहिला. प्रोग्राम तेवढी अक्षरं उतरवाले बसते, अन् स्वतःचंच पुढचं काम पुसून टाकते. मंग फोटोत लपवलेला हुकूम चालते. धाडणाऱ्यानं 'बंद हो' लिवलं. काईबी लिवता आलं असतं."

टेकचंद खुर्ची ओढून पडद्यापुढे बसला. वीस वर्षं त्यानं फोटो काढण्यात घातली होती.

"निस्तं पायल्यानं?"

"निस्तं पायल्यानं."

तिनं शून्य खोडून खरी लांबी लिहिली. कमळं उघडली, साधीच होती, जरा धुरकट. कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी इतकी बारीक फट हेरली होती. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण पौर्णिमेला बोदलकशाच्या तलावाचं पाणी पाहताना व्हायचं, तसं तिला झालं होतं: आपण केवढेसे, आणि हे केवढं!

कंपनीनं इंटरनेटवर ठेवलेला दुरुस्तीचा प्रोग्राम सीडीवर घेऊन ती तिरोड्यातली नऊ मशीनं फिरली, मग बसनं गोंदियाला गेली.

"फोटो से वायरस? मजाक कर रही हो, बहनजी," तिथला दुकानदार हसला.

भूमेश्वरीनं त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि वजाबाकी मांडायला बसली.