अकरा ड्रायव्हर, एक दार

बस कचेरीच्या तक्रार विभागात एकच बाई होती आणि तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता. तिच्या टेबलावर सात दिवसांपुढे तक्रार टिकत नसे. तक्रार आली की ड्रायव्हर शोधायचा, त्याला समजपत्र धाडायचं, कागद त्याच्या फायलीत लावायचा आणि वर 'निकाली'चा शिक्का हाणायचा. काम चोख, साहेब खूश.

त्या दिवशी अकराच्या सुमारास एक आडदांड ड्रायव्हर समजपत्र घेऊन आला. आवाज मात्र अगदी बारीक.

"मॅडम, त्या आजींचा हात दारात सापडला, कबूल. पण दार मी लावलंच नव्हतं. मागचं दार आपसूक मिटतं. मी तर त्या गाडीवर एका दिवसाचा बदली होतो."

"सगळे हेच सांगतात," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थबकली. सगळे?

"कुठली गाडी?"

"बेचाळीस नंबर."

तिने फायली उपसल्या. अकरा ड्रायव्हर, अकरा समजपत्रं. गाडीचा नंबर प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात होता, पण फायली लागत ड्रायव्हरच्या नावाने, त्यामुळे कोपऱ्यात डोकावतो कोण? बेचाळीस. पुन्हा बेचाळीस. सातव्या फायलीत तिच्या वडिलांचं अक्षर निघालं. त्यांचं कोपर याच दारात चेपलं होतं. तिनेच घरी जेवताना तोऱ्यात सांगितलं होतं, "बाबा, तुमची तक्रार निकाली निघाली हं!"

आज बाबांची डोळ्यांची तपासणी होती. ते साडेअकराच्या बसने जाणार होते.

"साडेअकराला कुठली गाडी सुटते?"

"आज तीच," ड्रायव्हर म्हणाला.

तिने बाबांना फोन लावला. तो वाजत राहिला. बाबा निघाले होते, आणि फोन नेहमीसारखा उशाशी विसरले होते. मग तिने वर्कशॉपला लावला.

"दाराचं ड्रायव्हरने दुरुस्तीच्या वहीत लिहायचं असतं," पलीकडून कंटाळलेला आवाज आला.

"लिहिलं होतं!" ड्रायव्हर उसळला. "समजपत्र मिळाल्यावर लिहिलं की म्हणतात, अंगावरचं झटकतोय."

"तुम्ही लेखी पाठवा मॅडम. सात दिवसांत बघतो."

सात दिवस! तिचेच लाडके सात दिवस. तिने फोन आदळला आणि चपलांची पर्वा न करता धावत सुटली. ड्रायव्हर मागोमाग. थांबा दोनच गल्ल्या पलीकडे होता, पण त्या संपता संपेनात. छातीचा भाता झाला होता आणि डोक्यात बाबांचं ते कोपर होतं.

बस उभी होती. मागच्या दारात बाबा. काठी आत, एक पाय पायरीवर, दुसरा अजून जमिनीवर. दार थरथरलं. तिच्यामागून आलेल्या ड्रायव्हरने झेप घेऊन फटीत खांदा घातला आणि कळवळला. तिने बाबांच्या काखेत हात घालून त्यांना मागे ओढलं.

"अगं, काय हे! चारचौघांत?" बाबा वैतागले.

"बाबा, ते दार..."

"दाराचं काय? ते तू दुरुस्त करून घेतलंस ना? तूच म्हणालीस, निकाली निघाली. नाहीतर मी या गाडीत पुन्हा पाय तरी ठेवला असता का?"

तिने कंडक्टरकडून कोरा कागद मागून घेतला आणि सगळ्यात वर, जिथे ड्रायव्हरचं नाव लिहायची सवय होती, तिथे गाडीचा नंबर लिहिला.