पहिल्या पानावरचं भस्म

दहावीच्या निकालालाही आमच्या ऑफिससमोर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पूर्वी निकाल पेपरात यायचा तेव्हा अख्खा भंडारा पहाटेपासून आमच्या दारात उभा राहायचा, पण ती रांग पानठेल्याच्या पुढे कधी गेली नाही. २००३च्या त्या हिवाळ्यात मात्र ती चौक ओलांडून गेली. धान कापायचं सोडून मोहाडीपासून माणसं आली होती. प्रत्येकाच्या हातात त्या दिवसाचा ‘दैनिक पाळ’. वाचायला म्हणाल तर राम राम! रांगेत कंटाळा आला की माणसं त्याच अंकावर बसत होती. अंक घ्यायचं कारण एकच. आजचा अंक दाखवा, भस्माची पुडी घ्या.

मी अंकुश, ‘पाळ’च्या प्लेटरूममधला माणूस. पान तयार झालं की ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उतरवायचं, तो पत्रा मशीनला द्यायचा, हे माझं काम. माझ्या हातून निघाल्याशिवाय या पेपरात एक ओळ छापली जात नाही. म्हणजे पुढचा गाढवपणाही माझ्याच हातून निघाला.

परसरामजींनी हा पेपर काढला तेव्हा अक्षराचा एकेक खिळा हातानं जुळवावा लागायचा. तलावाला पाळ नसेल तर पाणी राहत नाही आणि गावाला पेपर नसेल तर खरं राहत नाही, असं ते म्हणायचे, म्हणून नाव ‘पाळ’. त्यांचा एक नियम होता. जिथं चूक, तिथंच दुरुस्ती, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. एकदा आम्ही जिवंत सोमाजी पाटलाला पहिल्या पानावर मारलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरात ‘सोमाजी पाटील जिवंत आहेत’ असं छापलं. अख्खा जिल्हा हसला. परसरामजी म्हणाले, हसू द्या, पण विश्वास तर ठेवतात.

मग नव्व्याण्णवच्या महाराष्ट्रदिनी जिल्हा दुभंगला. गोंदियाकडचे वाचक त्यांच्या नव्या जिल्ह्याचे पेपर वाचू लागले. आम्ही त्याच दिवशी ऑफसेट छपाईवर गेलो होतो. ‘भंडारा, गोंदिया वेगळे’ या मथळ्याची पहिली प्लेट परसरामजींनी लाकडी चौकटीत बसवून ऑफिसात टांगली. पुढच्याच वर्षी ते गेले. पेपर मुलाकडे, भुपेंद्रभाऊंकडे आला, आणि न खपलेले गठ्ठेच्या गठ्ठे परत येऊ लागले.

अशात घनश्याम महाराज जाहिरात द्यायला म्हणून आले. भगवी शाल, तांब्याचा लोटा, हातात पळसाच्या पानांचा जुडगा. परसरामजींच्या टांगलेल्या प्लेटसमोर उभे राहून डोळे मिटले, म्हणाले, या पत्र्यात पुण्यात्मा आहे. जुडगा लोट्यात बुडवला आणि प्लेटवर फिरवला. पाच मिनिटांत पत्र्यावर राखाडी भस्म फुलून आलं. आणि एकाही अक्षरावर ते बसलं नाही! अक्षरं स्वच्छ, भोवती भस्म.

“अक्षर म्हणजे ब्रह्म,” महाराज म्हणाले. “भस्म ब्रह्मावर पाय ठेवत नाही.”

भुपेंद्रभाऊंनी खरं-खोटं तपासलं नाही. त्यांना परत येणारे गठ्ठे दिसत होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आठ कॉलमचा मथळा, ‘पाळच्या प्लेटमधून भस्म, सर्व व्याधींवर गुणकारी’. मी कुरकुरलो, पण प्लेट केली. पोटाला घाबरलो, दुसरं काय! महाराज रोज सकाळी प्लेटवरची चिमूटभर भुकटी गोवऱ्यांच्या राखेत मिसळायचे आणि पुड्या बांधायचे. वाताला चालते, मूल होत नसेल तर चालते, कोर्टाच्या तारखेलाही चालते! न चालणारी एकच जागा होती, ती महाराजांची स्वतःची जीभ. ते मला फार उशिरा सुचलं.

आठव्या दिवशी माझी बहीण रत्नमाला मोहाडीहून सरिताला घेऊन आली. सरिता तेरा वर्षांची, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. पोरीचं तोंड सुजलं होतं, हिरड्यांना फोड आले होते, लघवी कमी झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? रत्नमालानं पिशवीतून पुडी काढली. गोळ्या बंद होत्या. आठ दिवसांपासून पोरगी सकाळ-संध्याकाळ भस्माचं पाणी पीत होती.

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरातून अंगारे-धुपारे छप्पन साली, धम्मदीक्षा घेतली तेव्हाच गेले. आजीनं सगळे गंडे-दोरे वैनगंगेत सोडले होते. मी तिथंच बहिणीवर ओरडलो, तुले अक्कल हाय का नाई?

तिनं मान वर केली. “दादा, तुह्याच पेपरात पहिल्या पानावर आलं ना? खोटं असतं तं तू छापलं असतं काय?”

मी ती पुडी उचलून डॉक्टरबाईंपुढे धरली.

डॉक्टरबाईंनी पुडीतली राख पाहिली आणि ती कुठून आली ते विचारलं. मी ॲल्युमिनियमचं नाव काढताच त्यांनी कपाळाला हात लावला. पाऱ्याचा क्षार पाण्यात मिसळून ॲल्युमिनियमला लावला की धातूवरचा संरक्षक पापुद्रा तुटतो आणि हवेनं त्याची भुकटी होते, असं त्या म्हणाल्या. हा पारा पोटात गेला की मूत्रपिंडं खलास. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. अक्षरावर भस्म का बसत नव्हतं? अरे, अक्षरांवर लेप असतो! छापायच्या जागी निळसर लेप, बाकी उघडा पत्रा, हे मी रोज माझ्या हातानं करतो. सगळ्या जिल्ह्यात हे ओळखायला हवं होतं ते मी एकट्यानं, आणि मीच आठ दिवस गप्प बसलो.

सरिताला भरती करून मी सरळ ऑफिसला आलो. मागल्या आठवड्याची एक बिघडलेली प्लेट घेतली, रबरी हातमोजे चढवले आणि रांगेसमोर गेलो. त्या प्लेटवर मथळा होता, ‘कोंबड्यांचे दर उतरले’. तिथंच पुड्या वाटत बसलेले महाराज नको नको म्हणेपर्यंत त्यांच्याच लोट्यात जुडगा बुडवून मी ती प्लेट चोळली. मग स्टीलच्या डब्याचं झाकणही चोळलं. झाकण होतं तसंच चकचकीत राहिलं. कोंबड्यांच्या दराभोवती मात्र भस्म फुललं, अगदी तसंच, अक्षरं सोडून.

“आता कोंबड्याबी पुण्यात्मा झाल्या काय जी?” रांगेतल्या ताराबाईंनी विचारलं. मोहाडीच्या बाजारात त्या भाजी विकतात. लोक हसले, पण अजून हलले नव्हते. आठ दिवसांची श्रद्धा एका हशात जात नाही.

मग मी चमचाभर भस्म महाराजांपुढे धरलं. “तुमी घ्या, मंग मी घेतो.”

महाराज म्हणाले, माझा आज उपास आहे.

“भस्मानं कायचा उपास मोडते?” ताराबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली पुडी नालीत फेकली. मग एकामागून एक पुड्या पडू लागल्या. मी घसा फोडून सांगितलं काय मिसळलंय ते, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्यांना दवाखान्यात धाडलं. महाराज मागच्या दारानं निघाले, तिथं पोलीस बसलेले होते. डॉक्टरबाईंनी आधीच फोन केला होता. पूर्वी ते पारा वापरून भांड्यांना मुलामा द्यायचे, हे पुढं कळलं.

मग मी परसरामजींची प्लेट भिंतीवरून काढली. उजेडात धरली तर जागोजागी भोकं. आठ दिवस लोक आमच्याच पेपरचा पत्रा खात होते.

संध्याकाळी भुपेंद्रभाऊ म्हणाले, चौथ्या पानावर ‘हरवले-सापडले’खाली दोन ओळी देऊन टाकू, काहून उगाच बोभाटा करता? मी हातमोजे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले.

“जिथं चूक, तिथंच दुरुस्ती. नाई तं प्लेट तुमीच बनवा.”

त्यांनी ती भोकं पडलेली प्लेट हातात घेतली. मग कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं मथळा लिहिला. सकाळी पहिल्या पानावर, त्याच जागी, आठ कॉलमात छापलं होतं, ‘भस्म विष होते. आम्ही खोटे छापले.’

सरिताच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरायला दीड महिना लागला. रत्नमाला अजून आमचा पेपर घेते, पण बातमी वाचून झाली की फोन करते, दादा, हे तू सोता पाहिलं काय? मला राग येत नाही. तिनं तसंच विचारावं.

तुम्हीही विचारा. कोणी भस्म, पाणी, मुळी काहीही दिलं तर आधी देणाऱ्याला चाखायला सांगा. दवाखान्यातली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि पेपरात छापलं म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, तो पेपर आमचा असला तरी.