ताईच्या नावावर

ताईच्या नवऱ्याने उभ्या जन्मात तिला कामावर फोन केला नव्हता. घरात जेवण सापडलं नाही तर हा माणूस उपाशी बसेल, पण फोन करणार नाही. त्यामुळे सकाळच्या ऐन घाईत, इस्त्रीच्या मोठ्या रुळातून गरम चादरी एकामागून एक बाहेर पडत असताना, खिशातल्या फोनवर त्याचं नाव दिसलं तेव्हा ताईने हातातलं चादरीचं टोक सोडूनच दिलं.

"तू बरी आहेस ना?" तो धापा टाकत होता. "खरं सांग. काल मी भाजीला अळणी म्हणालो, ते मनावर घेतलंस का?"

"काय बोलताय काय तुम्ही?"

"अगं, त्या अ‍ॅपवाल्या मॅडमचा फोन आला होता! तुझ्या जिवाला धोका आहे म्हणाल्या. एकटं सोडू नका म्हणाल्या. तू त्यांचा फोनच उचलत नाहीस. मी निघालोय तिकडे."

ताईला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं, आणि भीती नेमकी त्याचीच वाटली.

त्याचं असं होतं. हॉस्पिटलं आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या या कारखान्याने कामगारांसाठी एक अ‍ॅप आणलं होतं. मनात जे सलतंय ते फोनवर लिहायचं, पलीकडून शिकलेल्या मॅडम उत्तर देणार. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लागलं. पण सोय फक्त पक्क्या कामगारांना. कंत्राटी माणसं त्याच वाफेत भाजत होती, त्याच चादरी उचलत होती, पण त्यांना मन असतं हे बहुधा कुणी ऑफिसात कळवलं नव्हतं. ताई पक्की होती आणि तोंडाने फटकळ होती. "माझं डोकं ठिकाणावर आहे, तुम्ही वापरा," म्हणत तिने आपला पासवर्ड दोघांना देऊन टाकला. एक चादरी पोचवणारा व्हॅनवाला आणि दुसरी तिच्या जोडीने चादरींच्या घड्या घालणारी घडीवाली. लिहायचं, लगेच पुसायचं, एकमेकांचं वाचायचं नाही, एवढीच अट. त्यामुळे त्या बिचाऱ्या मॅडमच्या लेखी ताईला एक दारुडा नवरा होता आणि माहेरी निघून गेलेली बायकोही होती. इतका संसार त्यांनी एकाच बाईच्या पदरात कसा काय मानून घेतला, देव जाणे.

मी ठीक आहे, येऊ नका, एवढं नवऱ्याला सांगून ताईने मॅडमना फोन लावला.

"ताई, बोलताय ते फार बरं झालं," आवाज शांत होता, पण मुद्दाम शांत ठेवलेला. "आज सकाळी तुम्ही लिहिलंत, 'सगळं आवरून ठेवलंय. आता कुणाला माझा त्रास नको.' तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"मॅडम, ते मी नाही लिहिलं."

मॅडम म्हणाल्या, "मग ज्यांनी लिहिलंय त्यांना आत्ताच्या आत्ता शोधा. मी फोन ठेवत नाही."

ताईच्या डोळ्यांसमोर व्हॅनवालाच आला. बायको मुलाला घेऊन गेल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. आणि पहाटेच गाडी भरून निघाला होता, एकटा.

"व्हॅनवाल्याने काही बरंवाईट करून घेतलं तर!" ती घडीवालीला म्हणाली. "माझ्या पासवर्डवरून लिहिलंय त्याने."

घडीवालीचे हात थांबले. कारखान्यात सगळ्यांना हसवणारी बाई ही, पण आता तिच्या तोंडून नुसतं एवढंच निघालं, "तो नाही असं करायचा, ताई."

"तुला काय ठाऊक!" ताई खेकसली. "इथलं बघ, मी आले."

"जा तुम्ही. मी सांभाळते."

व्हॅनवाल्याचा फोन बंद. गाडी कुठे आहे हे फक्त मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर दिसायचं, आणि का बघायचंय हे सांगितल्याशिवाय तो दाखवणार नव्हता. म्हणजे पासवर्ड वाटल्याचं कबूल करायचं. पक्की नोकरी जायला तेवढं पुरेसं होतं. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या ऑफिसच्या दारात ताई जरा घुटमळली. त्या घुटमळण्याची तिला पुढे फार लाज वाटली. मग आत शिरून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बाई, हे नियमात बसत नाही," मॅनेजर म्हणाला. "लेखी द्यावं लागेल."

"देते, अंगठाही देते. आधी गाडी बघा!"

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा उतरला होता. गाडी एका हॉस्पिटलच्या मागच्या फाटकात उभी होती, कधीची. त्याने तिथल्या सुरक्षारक्षकाला फोन लावून धावत पाठवलं. ताई टेबलाची कड धरून उभी राहिली. तिने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

अखेर मॅनेजरच्या फोनवर व्हॅनवाल्याचा झोपाळलेला आवाज आला. "काय झालं साहेब? माल उतरवायला वेळ होता, जरा डोळा लागला. फोनची बॅटरी गेली होती."

"मेल्या, तू सकाळी काय लिहिलंस?" ताई ओरडली.

"मी? मी कुठे! माझी गाडी रुळावर आली, ताई. बायको रविवारी परत येतेय. मी तर हल्ली ते उघडतसुद्धा नाही."

मॅनेजरने रुमालाने कपाळ पुसलं. "चला, सुटलो. आता तुमच्या प्रकरणाचं बघू."

ताईच्या कानाशी अजून दुसरा फोन होता. त्यातून मॅडमनी विचारलं, "ताई, आणखी कुणाकडे पासवर्ड आहे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताईने काचेतून खाली पाहिलं. रूळ चालू होता, बाहेर येणाऱ्या चादरींचा जमिनीवर ढीग होत होता, आणि घडीवालीची जागा रिकामी होती.

ताई जिना कशी उतरली ते तिला कळलं नाही. धुलाईयंत्रांच्या रांगेत नाही, कपडे बदलायच्या खोलीत नाही. तिने हाका मारल्या, पण यंत्रांच्या घरघरीत त्या कुठे ऐकू जाणार? शेवटी मागचा दरवाजा ढकलला. बाहेर मळक्या चादरींच्या गाठोड्यांशेजारी घडीवाली चप्पल पायात सरकवत होती. पर्स खांद्याला.

ताईने तिचा दंड असा धरला की नंतर तिथे वळ उठला.

"तुम्हाला माझ्यामुळे नोकरी..." घडीवाली म्हणाली.

"खड्ड्यात गेली नोकरी. रोज माझ्यासमोर उभी असतेस गं तू! मला का नाही बोललीस?" ताई रडायलाच लागली. दंड मात्र सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने फोन पुढे केला. "बोल. मॅडम आहेत. माझ्या नावाने नको, तुझ्या तू बोल."

घडीवालीने फोन कानाला लावला.

"मॅडम, मी ताई नाही," ती म्हणाली. "मी कंत्राटातली आहे. चालेल का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते ताईला ऐकू आलं नाही. पण घडीवाली तिथेच गाठोड्यावर बसली आणि बोलू लागली.