मागणीची कॉफी

रवानला मागणी घालायला जॉर्डनमधल्या मफ्रकहून आम्ही बावीस पुरुष गेलो. बावीस! त्यात बारावी पास एकही नाही, पण मिशांचा पीळ बघत राहावा असा. मी नवऱ्यामुलाचा बाप, सगळ्यांत पुढे. माझा मुतसिम त्या मुलीसाठी तीन वर्षं झुरत होता. नकार आला तर पोरगं पार खचणार, ही धास्ती मला एकट्यालाच होती.

कॉफी आली. मुलीच्या बापाने होकार दिल्याशिवाय कॉफीला तोंड लावायचं नाही अशी आमची रीत, म्हणून बावीस पेले तसेच खाली ठेवले. आमच्यातले वडीलधारे मिफ्लेहकाका बोलायला उठले ते थांबेचनात. खानदान झालं, आजोबांचे उंट झाले.

रवानचे वडील, अबू रवान, दवाखान्यात कारकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मुलगी औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, जावई निदान बारावी पास तरी हवा. काका म्हणाले, पुरुषाला कागद कशाला लागतो? काकांच्या तोंडाला कुलूप घालावं असं वाटलं मला.

अबू रवान माझ्याकडे वळले. "अबू मुतसिम, पोराचे कुठले विषय राहिलेत?"

मला एकही विषय ठाऊक नव्हता. लेकीचं, हनीनचं विचारलं असतं तर दशांशासकट मार्क सांगितले असते. ती पाच मिनिटं उशिरा आली की मी दारात उभा. बाहेर पडायची बंदी, मग करते काय बिचारी, बसली अभ्यासाला आणि पहिली आली. या दिवट्याला मात्र पुरुषाची जात, हिंडू दे म्हणून मोकाट सोडला होता. शाळेत मास्तरांचा जीव दुपारी जोडधंदा म्हणून चालवायच्या टॅक्सीत, पोरांचा भिंतीपलीकडे.

मी पेला उचलला आणि गार कॉफी एका घोटात पिऊन टाकली. होकाराआधी प्यायलो, म्हणजे मागणी मागे घेतली. एकवीस जणांचे चेहरे पडले.

"पास झाला की परत येईन," मी म्हणालो.

"या. पण मुलीला थांब म्हणून सांगणार नाही मी," अबू रवान म्हणाले.

परतताना गाडीत मुतसिम हुंदके देत होता. माझी वाट लावलीत, म्हणाला. खरंच होतं ते, मी वाद घातला नाही. फक्त विचारलं, शाळा बुडवून तू दिवसभर जायचास तरी कुठे?

"तुमच्या दुकानासमोर, हुक्क्याच्या कॅफेत," तो म्हणाला. "तुम्ही रोज मला हात करायचात, बाबा."