नेत्रबाबा आणि गव्हाचा दाणा

"उघडा डोळा! पापणी हलवू नका! निघाऽऽला!"

नेत्रबाबांनी गवंड्याच्या डोळ्यावरून जीभ फिरवली आणि तळहातावर सिमेंटचा खडा थुंकला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. गवंड्याला रडू कोसळलं. डोळ्यावरून कुणी जीभ फिरवली तर मलाही कोसळेल, पण ते ऐकायला कुणाला सवड होती?

माझ्या मावशीच्या डाव्या डोळ्यातून बाबांनी आदल्याच दिवशी काळा दोरा काढला होता. मावशी वकिलांचे काळे कोट शिवते. डोळ्याच्या कडेला सावली दिसायला लागली, मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा कोटाचा दोराच गेला असणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं आणि वेगळंच सांगितलं. डोळ्याच्या पडद्याखाली छोटी काळी गाठ आहे, कॅन्सरची वाटते, मोठ्या दवाखान्यात लगेच जा. मावशी घाबरली आणि गेली थेट बाबांकडे. दोरा निघाल्यावर दवाखान्याची तारीख तिने रद्दच केली.

"अगं, पण सावली गेली का?" मी विचारलं.

"जाईल हळूहळू. दोरा तर निघाला ना? तुझ्या डॉक्टरीणबाईंना दिसला होता का तो?"

कपाळ माझं! शेवटी मी तिच्या व्याह्यांना फोन केला. हे माझ्या मावसबहिणीचे सासरे. घड्याळं दुरुस्त करतात, मोजकं बोलतात, आणि मावशी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विहीणबाई, माझाही उजवा डोळा दाखवायचाय. चला बाबांकडे."

वाटेत पिठाच्या गिरणीत शिरून त्यांनी बाह्यांना चांगलं पीठ चोळून घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा त्या गवंड्याचाच नंबर चालू होता. रांगेत बाबांचा चेला प्रत्येकाची आपुलकीने चौकशी करत होता. बाबा दर रुग्णाआधी पडद्यामागे ध्यानाला जात होते. व्याह्यांचा नंबर आला.

"गिरणी चालवता?" बाबांनी डोळे मिटून विचारलं.

"आपल्याला आम्ही काय सांगायचं!"

"डोळ्यात धान्य पडलंय! आणखी थोडं थांबला असतात तर कोंब फुटला असता!"

जीभ फिरली, गव्हाचा दाणा निघाला. पुन्हा टाळ्या.

"जरा नीट तपासा," असं म्हणत व्याह्यांनी खालची पापणी ओढली, उजवा डोळा काढला आणि बाबांच्या तळहातावर दाण्याशेजारी ठेवला. डोळा नकली होता!

असा हशा उसळला की बाबांचं कुणाला ऐकूच येईना. पुढचा नंबर सुताराचा होता. त्याने जाऊन पडदाच ओढला. मागे छोट्या वाट्यांत खडे, दोरे, गहू आणि लाकडाचा भुसा मांडून ठेवला होता. चेल्याने धंदा सांगायचा, बाबांनी त्या त्या वाटीतला ऐवज गालात धरायचा. एवढंच ते ध्यान!

मावशी मात्र हसली नाही. "लग्न जमवताना बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, विहीणबाई." व्याह्यांनी डोळा पुसून खिशात टाकला. "मलाही तुमच्यासारखीच गाठ होती. पडद्याखालच्या रंगीत थरातल्या पेशी बेफाम वाढतात. दुखत नाही, खुपत नाही. गाठ फुगून पडदा उचलते, म्हणून सावली दिसते. पुढे तिच्या पेशी रक्तातून निघतात आणि बहुतेक वेळा यकृत गाठतात. मी नुसते चष्मे बदलत बसलो. गाठ मोठी झाली, डोळा गेला. जीव वाचला, हे नशीब. तुमची अजून लहान आहे."

मावशीने उजवा डोळा झाकून समोर पाहिलं.

"सावली तिथेच आहे," ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला.

मोठ्या दवाखान्यात तिच्या डोळ्याला मागच्या बाजूने एक किरणोत्सर्गी चकती टाके घालून काही दिवस बसवली. "टाका कुठला घालणार?" असं विचारून मावशीने सर्जनला भंडावून सोडलं. आता गाठ आक्रसतेय. त्या डोळ्याला थोडं कमी दिसतं आणि यकृताची तपासणी करत राहावी लागणार आहे. पण कोट शिवणं चालू आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे.

येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती माप घेता घेता सांगते, "डोळ्यात कचरा गेला तर पाण्याने धुवा. सावली दिसली, वीज चमकली, तर डॉक्टरकडे पळा. आणि कुणी चमत्कार करतो म्हणाला, तर आधी त्याला तोंड उघडायला लावा."